पोत्यातल्या डिस्क खराब नाहीत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या भागातल्या एका जुन्या ग्रंथालयाच्या जिन्याखाली गेले दोन महिने तीन पोती उभी आहेत. त्यांत नाटकांच्या आणि चित्रपटांच्या व्हीसीडी आहेत, व्याख्यानांच्या सीडी आहेत, थोड्या डीव्हीडीही आहेत. पोत्यांवर मार्करने मोठ्या अक्षरांत 'खराब' असं लिहिलंय. भंगारवाला अजून फिरकला नाही म्हणून पोती तिथे आहेत, नाहीतर हे पत्र लिहायची वेळच आली नसती. त्या डिस्क खराब नाहीत. मी त्यातल्या एकवीस घरी आणून लावून पाहिल्या, अठरा चालल्या.

टेलिफोन खात्यात एक्स्चेंजमध्ये मी बत्तीस वर्षं काढली. त्यामुळे 'लागत नाही' आणि 'बिघडलंय' या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे अंगात मुरलंय. पत्र लांबेल, कात्री आपल्याकडे आहेच.

'खराब' हा शिक्का कसा बसला ते आधी सांगते. ग्रंथालयाने संगणक बदलले. परवान्याचे पैसे वाचावेत म्हणून नव्या संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली घातली, हे उत्तमच केलं. मग कपाटं रिकामी करायची म्हणून तिथल्या मुलाला सांगितलं, सगळ्या डिस्क संगणकावर उतरवून घे. मुलगा कामसू आहे. त्याने व्हीसीडी घातली, आतला 'एमपेगएव्ही' नावाचा फोल्डर उघडला, त्यातली डॅट फाइल उचलून दुसरीकडे टाकायला गेला, तर संगणक म्हणाला, 'इनपुट-आउटपुट एरर'. दुसरी घातली, तेच. दहा घातल्या, दहांना तेच. "काकू, सगळ्याच गेल्यात," असं त्याने मला सांगितलं आणि पोती भरायला घेतली.

लागोपाठ दहा नंबर लागेनासे झाले तर दहा घरांतले फोन एकदम बिघडले असं आम्ही कधी म्हटलं नाही. आम्ही केबल बघायला जायचो.

इथेही तसंच झालं होतं. सीडीवरचा मजकूर ठरावीक मापाच्या खणांत भरलेला असतो, सेकंदाला असे ७५ खण. गाण्याच्या सीडीत एकेका खणात २,३५२ बाइट आवाज मावतो. ७५ गुणिले २,३५२ म्हणजे १,७६,४००. आणि सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, म्हणजे मोजमापं, डावा-उजवा मिळून दुप्पट, प्रत्येक नमुना दोन बाइटचा, असं मोजलं तरी १,७६,४००च येतात. हा गुणाकार मी पहिल्यांदा केला तेव्हा मला उगीचच आनंद झाला होता. संगणकाच्या फायली ठेवायच्या सीडीत मात्र त्याच खणात २,०४८ बाइटच मजकूर ठेवतात. उरलेली जागा बहुतेक सगळी चुका दुरुस्त करायच्या हिशेबासाठी राखलेली असते, कारण पगारपत्रकात एक आकडा चुकून चालत नाही. १९९३ साली व्हीसीडीचं माप ठरवणाऱ्यांनी हिशेब केला की सिनेमात एखादा बाइट चुकला तर पडद्यावर क्षणभर एक चौकोन थरथरेल, त्यापायी एवढी जागा कशाला अडवायची? म्हणून त्यांनी सिनेमाच्या खणात २,३२४ बाइट भरले. आता लिनक्सवर साधी कॉपी करणारा प्रोग्रॅम २,०४८ची पट्टी घेऊन जातो, त्याला भलत्याच मापाचा खण भेटतो आणि तो हात वर करतो. विंडोज हे परस्पर सांभाळून घ्यायचं, म्हणून तिथे डॅट फाइल उचलली जायची आणि आत काय चाललंय ते कुणाला कळायचंही नाही.

  

थोडक्यात, व्हीसीडीतला सिनेमा फाइल म्हणून उचलायचा नसतो, ट्रॅक म्हणून वाचायचा असतो. पहिल्या ट्रॅकवर नुसती यादी असते, सिनेमा दुसऱ्यापासून सुरू होतो. आदेश लिहायच्या काळ्या खिडकीत एमप्लेयर या प्रोग्रॅमचं नाव, मग व्हीसीडी, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि २ हा आकडा, इतकं लिहिलं की चित्र सुरू. व्हीएलसी या प्लेयरमध्येही 'डिस्क उघडा' म्हणून व्हीसीडी निवडली की चालते. उतरवून घ्यायची असेल तर व्हीसीडीइमेजर नावाचा संच आहे, त्यातला व्हीसीडीएक्सरिप हा प्रोग्रॅम ट्रॅक जसाच्या तसा फाइल करून देतो. यातलं काहीही विकत घ्यावं लागत नाही.

त्या मुलाला पटावं म्हणून मी घरची एक डिस्क घेऊन गेले. २००३ साली भाचीचं लग्न झालं त्याची, दोन व्हीसीडींतली पहिली. ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं ते एवढंसं चित्र, नव्या मॉनिटरवर पोस्टाच्या तिकिटासारखं दिसतं. त्यात पंगतीत आमचे सासरे जिलबीचं ताट घेऊन वाकलेले आहेत आणि समोरचा माणूस पानावर आडवा हात धरून बसलाय. सासऱ्यांच्या कोपराशी दोन चौकोन हलतात, तेवढंच काय ते बिघडलेलं. मुलगा चित्राकडे बघतच नव्हता, तो आदेशाची ओळ वहीत उतरवून घेत होता. मग म्हणाला, "काकू, म्हणजे मी पोती उगाच भरली." उगाच नाही भरलीस म्हटलं, नीट मोजून भरल्यास, आता तशाच मोजून बाहेर काढू. पण सगळी पोती परत रिकामी करायची तर समितीची परवानगी लागते, आणि समितीची बैठक अजून झालेली नाही.

ज्या तीन चालल्या नाहीत त्यांचंही सांगायला हवं, कारण त्यांना आपणच मारलंय. सीडीची खालची, चकाकणारी बाजू आपण जपतो, आणि वरच्या बाजूला काही होत नाही असं समजतो. खरं उलट आहे. आवाज जिथे कोरलाय तो चंदेरी थर वरच्या छापील बाजूला, लाखेच्या एका पातळ लेपाखाली असतो. खालून ओरखडा गेला तर मध्ये मिलिमीटरभर प्लास्टिक आहे. वरून गेला की मजकूरच गेला. ग्रंथालयाने दाखल क्रमांक बॉलपेनने, चांगला जोर देऊन घातलेत. त्या तीन डिस्क दिव्यासमोर धरल्या तर दाखल क्रमांक आरपार वाचता येतो. डीव्हीडीत थर दोन प्लास्टिकांच्या मधोमध असतो, तिथे हा धोका कमी.

आता माझं स्वतःचं दुखणं. माझे वडील हौशी कीर्तनकार. नारायण पेठेतल्या एका देवळात चातुर्मासात त्यांची कीर्तनं होत. त्यातलं एक कुणीतरी कॅसेटवर धरून ठेवलं होतं. २००४ साली भावाने ते सीडीवर घेतलं, 'आता सीडी आहेच' म्हणून घर बदलताना कॅसेट टाकून दिली, आणि सीडी खिडकीतल्या फळीवर राहिली, जिथे रोज दुपारचं ऊन येतं. घरी लिहिलेल्या सीडीत आवाज रंगाच्या थरात असतो, आणि उन्हाने रंगाचं काय होतं हे पुण्यात गच्चीवर साडी वाळत घालणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

गेल्या वर्षी ती सीडी अडखळायला लागली, तेव्हा मी घाबरून ती एका दुकानात दिली. दुकानाचं नाव लिहीत नाही; 'सीडी, कॅसेट, लग्नाची व्हीसीडी पेनड्राइव्हवर करून मिळेल' अशी पाटी लावलेली अशी बरीच दुकानं शहरात आहेत. दीडशे रुपये घेतले आणि दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह हातात दिला. घरी येऊन बघते तर सत्तर मिनिटांचं कीर्तन ३३ एमबीच्या एमपीथ्रीत. मी कागदावर भागाकार केला. सेकंदाला चौसष्ट किलोबिट.

चौसष्ट! संपादक महाराज, बत्तीस वर्षं मी चौसष्टच्याच वाहिन्या जोडल्या. टेलिफोनवर बोलणं सेकंदाला ८,००० वेळा मोजतात, प्रत्येक नमुना ८ बिटांचा, गुणाकार ६४ हजार. 'दूध किती घेऊ?' विचारायला ते पुरतं. त्यावर कीर्तन ऐकायचं नसतं.

न्यायाने बोलायचं तर टेलिफोनची चौसष्ट आणि एमपीथ्रीची चौसष्ट सारखी नाही. आम्ही सरसकट कापायचो, ३०० ते ३,४०० हर्ट्झच्या बाहेरचं सगळं फेकून. एमपीथ्री निवडून कापतो. मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज माणसाच्या कानाला झाकला जातो. तो झाकलेला भाग ठेवायचाच नाही, ही त्यातली युक्ती. जर्मनीत एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत तिच्यावर बरंच काम झालं, आणि फायलीला एमपीथ्री हे शेपूट १९९५ साली लागलं. १२८च्या पुढे ही लबाडी सहसा पकडता येत नाही. पण जागा फारच कमी दिली की हिशेब चुकायला लागतो, आणि तो नेमका तुटक, खणखणीत आवाजांवर चुकतो. वडिलांच्या हातात चिपळ्या. प्रत्येक 'टक्'च्या आधी मला एक बारीक 'फुस्' ऐकू येत होतं, जणू चिपळी वाजण्याआधी श्वास घेतेय. झांजांचा तर पाण्याखाली कुणी पत्रा हलवावा तसा आवाज झाला होता. माझ्या वयाच्या कानांना फार वरचे स्वर ऐकूच येत नाहीत, ते छाटले असते तर मला कळलंही नसतं. पण हे 'फुस्' मला झोपू देईना. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "मावशी, एवढं कोण ऐकतं?"

भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याने त्याच्या आजोबांसाठी दोन रविवार दिले. घरातल्या बारा वर्षं जुन्या डेस्कटॉपवर त्याने फ्रीबीएसडी घातलं. बर्कले विद्यापीठातल्या युनिक्स या जुन्या प्रणालीच्या घराण्यातलं हे, लिनक्सचं चुलत भावंड म्हणा. त्याची पहिली आवृत्ती १९९३ची, व्हीसीडीच्याच वर्षातली. पहिल्या रविवारी संध्याकाळपर्यंत आमचं एवढंच झालं की मीच विकत घेतलेला सीडीचा ड्राइव्ह मला उघडायची परवानगी नाही असं यंत्र सांगत राहिलं. युनिक्स घराण्यात ड्राइव्ह हीसुद्धा एक फाइलच, आणि तिला मालक असतो. एका सेटिंगच्या फायलीत दोन ओळी लिहाव्या लागल्या. "आत्या, लिनक्सवर हे सोपं असतं," असं भाचा मला समजावत होता. मग इथे का अवघड, तर म्हणे इथे नीट असतं. मला हे उत्तर आवडलं.

सीडीवरून आवाज काढायला त्याने सीडीपॅरानोया नावाचा प्रोग्रॅम घेतला. पॅरानोया म्हणजे संशयपिशाच्च, आणि तो तसाच आहे. एक तुकडा वाचतो, मागे येऊन थोडा आधीपासून पुन्हा वाचतो, दोन्ही वाचनं एकमेकांशी ताडून बघतो, जुळली तरच पुढे जातो. पडद्यावर एक रेघ सरकते आणि तिच्या टोकाशी विसर्ग-कंसांनी काढलेला एक आडवा चेहरा असतो. वाचन सुरळीत चाललं की तो हसतो. वाचताना गडबड झाली की तोंड सपाट करतो. ओरखडा लागला की तोंड पाडतो, आणि एखादी जागा दुरुस्त करायचा नाद सोडून दिला की त्याचा एक डोळा पाणावतो.

रात्री साडेनऊला सुरू केलं. पूर्वरंग हसत हसत अकरा मिनिटांत उतरला. आख्यान लागलं आणि चेहरा सपाट झाला, मग पडला. ड्राइव्ह कण्हत होता. भाचा झोपला. मी चहा करून आले तरी रेघ तिथेच. सव्वाबाराच्या सुमारास डोळा पाणावला आणि रेघेवर इंग्रजी 'व्ही' अक्षर उमटलं. म्हणजे ही जागा गेली. असे तीन व्ही. एक वाजता काम संपलं तेव्हा तो चेहरा नाकासकट मोठं तोंड करून हसला, आणि मला त्याचा राग आला.

पुढचा बुधवार मी जुन्या बाजारात घालवला. एका टोपलीत डेस्कटॉपमधून काढलेले सीडी ड्राइव्ह होते, दोनशेला दोन. प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी असते. एकाला अडलेलं दुसरा वाचतो. त्यातला एक मेलेलाच निघाला, पण दुसऱ्याने तीनपैकी दोन जागा स्वच्छ वाचल्या. तिसरी जागा गेलीच. आख्यानात एके ठिकाणी वडील थांबतात, खोकतात आणि पेटीवाल्यांकडे बघून काहीतरी म्हणतात, तो अर्धा सेकंद आता नाही. दुकानाच्या पेनड्राइव्हवर तो अर्धा सेकंद आहे की काय म्हणून बघितलं. त्यांच्याकडे तिथे सलग सात सेकंद नव्हते, आणि त्यांनी दोन टोकं चिकटवून टाकली होती, सांगितलंही नव्हतं.

उतरवलेला आवाज आता फ्लॅक या साच्यात ठेवलाय. यात काहीही कापत नाहीत, नुसती घडी घालतात. उलगडली की मूळ बिटन् बिट परत. कच्च्या ७४० एमबीचं कीर्तन ३४०मध्ये बसलं. फ्लॅक २००१पासून आहे, सर्वांना मोफत आहे. ही झाली घरातली ठेवीची प्रत. भावंडांना द्यायला त्यावरून लेम नावाच्या प्रोग्रॅमने एमपीथ्री केली. लेमच्या नावाचा अर्थच मुळी 'हा एमपीथ्री करणारा नाही' असा आहे, कारण १९९८ साली तो दुसऱ्यांच्या प्रोग्रॅमवर घातलेलं ठिगळ म्हणून सुरू झाला. त्यात व्ही-दोन हा दर्जा सांगितला की तो सरासरी १९०च्या आसपास राहतो आणि जिथे चिपळ्या आहेत तिथे आपणहून जास्त जागा देतो. 'फुस्' गेलं. एमपीथ्रीवर एके काळी पेटंटचा फास होता, त्यामुळे लिनक्सवाले ती सोय आधीपासून घालून द्यायला कचरत. २०१७च्या एप्रिलमध्ये तो परवान्याचा व्यवहारच बंद झाला. तेव्हा 'लिनक्सवर गाणी वाजत नाहीत' ही तक्रार आता कुणी करू नये. आणि चौसष्टमध्येच बसवायचं असेल, वॉट्सॅपवर पाठवायला वगैरे, तर ओपस साचा घ्यावा, तो कमी जागेत एमपीथ्रीपेक्षा कितीतरी बरा. वॉट्सॅपवरचे आवाजी निरोप ओपसमध्येच असतात.

एकच सांगणं: ठेवीची प्रत करायच्या आधी एमपीथ्री करू नका, आणि एका एमपीथ्रीवरून दुसरी तर नकोच. छाटलेल्या कापडातून पुन्हा बेतण्यासारखं आहे ते. व्हीसीडीतला सिनेमाही आधीच छाटलेला असतो, तो आहे तसाच ठेवावा. 'एचडी करून देतो' म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नयेत.

नावांचा एक घोळ. फायलीला नाव मराठीत द्यावं हा माझा हट्ट. एमपीथ्रीच्या जुन्या पद्धतीत फायलीच्या आत नोंदवायच्या शीर्षकाला तीस बाइट मिळतात. इंग्रजीला पुरतात. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला, प्रत्येक काना-वेलांटीला आणि हलन्तालाही तीन-तीन बाइट लागतात. मी 'नारदीय कीर्तन' असं लिहिलं, तर एका प्रोग्रॅमने दाखवलं 'नारदीय कीर' आणि शेवटी एक चौकोन. वडिलांना कीर म्हणजे पोपट केलेलं बघून भाचा खूप हसला. नव्या पद्धतीच्या नोंदीत आणि फ्लॅकमध्ये ही अडचण नाही.

डीव्हीडींचं थोडक्यात. फोटोग्राफरने करून दिलेली लग्नामुंजीची डीव्हीडी उघडीच असते, ती साधी कॉपी होते. अडखळली तर डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम आहे, तो आधी सोपं सगळं उचलतो आणि मग अवघड जागांकडे वळतो, आणि मध्येच वीज गेली तरी कुठवर आलो ते नोंदवहीत लिहून ठेवतो. विकतच्या डीव्हीडीला बहुतेकदा कुलूप असतं, फक्त ४० बिटांची किल्ली असलेलं. ते उघडणारा प्रोग्रॅम १९९९ साली बाहेर आला, त्यावरून नॉर्वेतल्या एका तरुणावर खटला झाला आणि २००३ साली तो वरच्या न्यायालयातही निर्दोष सुटला. आज व्हीएलसीवाल्यांचीच, ते कुलूप उघडणारी, लिबडीव्हीडीसीएसएस नावाची प्रोग्रॅमला लावायची जोडणी आहे. उबंटू या लिनक्सच्या प्रकारावर ती थेट येत नाही. लिबडीव्हीडी-पीकेजी नावाचं पॅकेज घालून मग ते पुन्हा एकदा 'रीकॉन्फिगर' करावं लागतं. ही दुसरी पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग 'डीव्हीडी खराब' म्हणतात. शिवाय मुलीने अमेरिकेतून आणलेली डीव्हीडी इथल्या प्लेयरवर लागत नाही ती खराब म्हणून नव्हे. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेत, तिचा विभाग १, आपला ५.

कुणी म्हणेल, हे कायद्यात बसतं का? वडिलांचं कीर्तन आणि भाचीचं लग्न घरचंच आहे. विकतच्या डिस्कबद्दल मी वकील नाही, पण १९५७चा कॉपीराइट कायदा आणि त्यातली २०१२ची दुरुस्ती वाचली आहे. कलम ५२मध्ये खासगी वापरासाठी रास्त मुभा आहे. कलम ६५अमध्ये कुलूप फोडणाऱ्याला शिक्षा आहे, पण ती हक्क मोडण्याच्या हेतूने फोडणाऱ्याला. माझं खरं भांडण तिसऱ्याच जागी आहे. बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी संगणकावर प्रत ठेवता येते, असं त्याच ५२व्या कलमात म्हटलंय, पण अट अशी की ग्रंथालयाकडे त्या कलाकृतीची 'डिजिटल नसलेली' प्रत असावी. म्हणजे पुस्तक चालेल, कॅसेट चालेल, ग्रामोफोनची तबकडी चालेल. सीडी मात्र जन्मतःच डिजिटल, तिला अक्षरशः वाचलं तर ही मुभा नाही. कॅसेट फेकून सीडी ठेवणाऱ्या ग्रंथालयाने आपल्या पायावर कुऱ्हाड मारून घेतली असा याचा अर्थ होतो. कायदा करणाऱ्यांना तेव्हा वाटलं असावं की डिजिटल म्हणजे अमर. जिन्याखालची पोती त्यांना दाखवायला हवीत. आपल्या वाचकांत कायदेपंडित पुष्कळ आहेत, पुण्यात तर दर मजल्यावर एक. त्यांनी यावर जरूर लिहावं.

पण त्या डिस्क नुसत्या लावून पाहायला आणि सभासदांना घरी न्यायला कुठल्याच कलमाची हरकत नाही. ग्रंथालयाच्या समितीला माझी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे. पोती भंगारात देण्याआधी महिनाभर थांबा. बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह तपकीर गल्लीत हजार-दीड हजारात मिळतो, तो मी देते. डिस्क मी आणि तो मुलगा मिळून तपासतो. चालतील त्यांवर मऊ टोकाच्या, पाण्याच्या शाईच्या पेनने मधल्या पारदर्शक कड्यावर क्रमांक घालू. शहरातल्या इतर ग्रंथालयांनी आणि भजनी मंडळांनीही कपाटातलं 'खराब' एकदा लिनक्सवर ट्रॅक म्हणून वाचून बघावं. व्याख्यानमालांच्या कितीतरी सीडी अशा निघतील की त्यातले वक्ते आज नाहीत आणि दुसरी प्रत कुणाकडे नाही.

आणि ज्यांच्या घरी जुना डेस्कटॉप भंगारात निघालाय त्यांनी त्यातला सीडीचा ड्राइव्ह काढून ठेवावा. आत डिस्क अडकली असेल तर ट्रे पकडीने ओढू नका. पुढे बटणाजवळ एक बारीक भोक असतं, यू-पिन सरळ करून त्यात हळूच दाबली की ट्रे बोटभर बाहेर येतो. मी जुन्या बाजारातून आणलेल्या त्या मेलेल्या ड्राइव्हचा असाच उघडला. आत एका नाटकाची व्हीसीडी निघाली, दोनपैकी दुसरी. पहिली कुणाकडे असेल तर ग्रंथालयाला द्यावी, पहिल्या अंकाशिवाय काही कळत नाहीये.

आपली एक वाचक,
निवृत्त टेलिफोन कर्मचारी, कोथरूड, पुणे ३८
(नाव-पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे, कृपया छापू नये.)